दहा वर्षांचा आराखडा निवृत्तीच्या तारखांपासून सुरू करा

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मराठवाड्यातल्या एका राज्य विद्यापीठात तुम्ही नुकत्याच भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुख झालात. मंजूर १२ पदांपैकी ५ भरलेली आहेत, बाकीचं शिकवणं तासिका तत्त्वावर चाललंय, आणि विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यासाठी (पुढच्या वर्षांच्या एकत्रित योजनेसाठी) विभागाचा दहा वर्षांचा आराखडा दोन महिन्यांत द्यायचाय. क्वांटम, नॅनो, सेमीकंडक्टर आणि एआय यांपैकी कशावर भर द्यावा, हा तुमचा मुख्य प्रश्न. शिवाय तो किती पानांचा असावा, हेही विचारलंय.

मी राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ३१ वर्षं शिकवलं, दोनदा विभागप्रमुख होतो, आणि असे दोन आराखडे लिहिले. पहिला विषयांपासून सुरू केला होता. त्यातलं फारसं काही उभं राहिलं नाही. दुसरा माणसांपासून सुरू केला, त्यातलं निम्म्याहून अधिक झालं. म्हणून विषयाकडे नंतर येतो.

आधी एक तक्ता करा. विभागातला प्रत्येक शिक्षक, तंत्रज्ञ, प्रयोगशाळा सहायक, कार्यशाळेतला माणूस, सगळ्यांची नावं घ्या. प्रत्येकापुढे निवृत्तीची तारीख, तो शिकवत असलेले पेपर, आणि फक्त त्यालाच चालवता येतं असं यंत्र कोणतं, हे लिहा. हा शेवटचा रकाना भरताना बहुतेक विभागप्रमुखांना धक्का बसतो. मलाही बसला होता.

त्याच तक्त्यात आणखी एक तारीख घाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला की त्या शिक्षकाला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. म्हणजे तुमचे दोन प्राध्यापक समजा २०३० मध्ये निवृत्त होणार असतील, तर १६ विद्यार्थ्यांची सोय २०२७ पासूनच बंद होऊ लागते. प्रयोगशाळेत दिवे लागलेले असतात, जुन्या मुलांचे प्रबंध चालू असतात, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येतं तेव्हा त्या दालनात यंत्रं असतात आणि ती वापरायला कुणी नसतं.

आमच्याकडे हे घडलेलं आहे. एकाच विषयातले चार शिक्षक दोन वर्षांत नेमले गेले. त्या वेळी सगळ्यांना आनंदच झाला, कारण एकदम मोठा गट तयार झाला आणि पुढची २५ वर्षं त्या गटाने उत्तम काम केलं. मग चौघंही दीड वर्षाच्या आत निवृत्त झाले. त्यांच्यामागे त्या विषयात एकही पद भरलेलं नव्हतं. दोन पेपर बंद करावे लागले.

पद भरणं तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांचा क्रम) तपासून येणं, शासनाची परवानगी, जाहिरात, अर्ज, मुलाखती, यात वर्षं जातात. पण परवानगी आली की विषयाचा तपशील विभागाकडूनच मागितला जातो, आणि तोही दोन दिवसांत. तेव्हा घाईने कुणीतरी आपल्या जवळच्या विद्यार्थ्याला जुळेल असा तपशील लिहून देतं, आणि पुढच्या तीस वर्षांचा निर्णय त्या दोन दिवसांत होऊन जातो. म्हणून रिकाम्या सातही पदांचा तपशील आत्ताच ठरवून विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवा. पदं मिळतील तेव्हा कुठल्या क्रमाने भरायची, तेही लिहा. पहिली दोन पदं प्रयोग करणाऱ्यांसाठी ठेवा, आणि वयात अंतर पडेल असं पाहा.

माणसांवर एवढा जोर का देतो, त्याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. आशुतोष मुखर्जी कलकत्ता विद्यापीठाचं विज्ञान महाविद्यालय उभं करत होते, तेव्हा तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष यांच्या देणग्या होत्या, पण उपकरणं फारशी नव्हती. त्यांनी सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा या नुकती विशी ओलांडलेल्या दोघांना शिकवायला घेतलं. १९१७ मध्ये सरकारी वित्त खात्यात नोकरी करणाऱ्या रामन यांना पालितांच्या देणगीतून निघालेल्या प्राध्यापकपदावर नेमलं. साहांचं आयनीभवनाचं समीकरण १९२० चं, बोसांचा प्रकाशकणांच्या सांख्यिकीवरचा प्रसिद्ध निबंध १९२४ चा (तेव्हा ते ढाक्याला गेले होते), आणि रामन परिणाम १९२८ चा. नेमणुका योग्य झाल्या आणि बारा वर्षांत एवढं घडलं. प्रत्येक विभागात बोस-साहा मिळत नाहीत, पण तरुण माणूस ओळखून त्याला वेळेवर जागा देणं हे काम प्रत्येक विभागाला करता येतं.

आता तुमचा विषयांचा प्रश्न. सध्या सगळीकडे क्वांटमचं नाव आहे, आणि ते योग्यही आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. पण त्याची चार मुख्य केंद्रं बेंगळुरूची आयआयएससी आणि मद्रास, मुंबई, दिल्ली इथल्या आयआयटी अशी आहेत. पाच शिक्षकांच्या विभागाने क्वांटम संगणक बांधण्याचा विचार आराखड्यात लिहू नये. परमशून्याच्या जवळ नेणारा शीतक विकत घेणं दूरच, तो चालू ठेवायला लागणारा हीलियम आणि माणूस आपल्याकडे नाही. फलकावर 'क्वांटम केंद्र' लिहून आत काहीच नसणं हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वाईट आहे, ते त्या नावावर प्रवेश घेतात.

मी विषय निवडताना दोनच गोष्टी पाहायला सांगेन: आपल्या खिशाला वर्षानुवर्षं काय झेपेल, आणि आपल्या जवळ काय आहे.

खिशाचं उदाहरण कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने पातळ थरांच्या कामासाठी रासायनिक पद्धती धरल्या. रसायनांच्या द्रावणात काच बुडवून थर बसवायचा, तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, किंवा काच आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवून एकेक आयनांचा थर चढवायचा. बीकर, हॉटप्लेट, काचेच्या पट्ट्या यांवर सुरुवात करता येते, महागड्या निर्वात यंत्रणेची गरज नाही. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धती दशकानुदशकं लावून धरल्या, सौर घटांपासून सुपरकपॅसिटरपर्यंत नेल्या, आणि त्या कामाची दखल जगभर घेतली गेली. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांनी हे काम केलं, कारण ते त्यांना हाताने करता येत होतं. आज तुम्ही तेच काम उचलू नका, त्यात आता फार गर्दी आहे. घ्यायची ती निवड करण्याची रीत.

आणि जवळ काय आहे? मॅडम, तुमच्या जवळ जे आहे ते देशात फार थोड्या विभागांजवळ आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहतेय. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटरची. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठीय केंद्र), इंदूरचं राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यात आहेत. तिथे काय लागतं ते पाहा: अतिशय स्थिर लेसर, उत्तम आरसे, अति-उच्च निर्वात, कंपनांपासून अलगाव, प्रचंड विदेवर (डेटावर) काम करणारे हात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकाशकी आणि निर्वात तंत्र नीट शिकलेला मुलगा तिथे उपयोगी पडेल, आणि तिथे नाही पडला तर सेमीकंडक्टरच्या कारखान्यात पडेल, कारण चिप बनवण्याची निम्मी गोष्ट निर्वाताचीच आहे. क्वांटममधला मोजमापाचा आणि संवेदकांचा भागही शेवटी लेसर आणि प्रकाशकीवरच उभा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: दहा वर्षांसाठी विभागाचा कणा 'प्रकाशकी, निर्वात आणि सूक्ष्म मापन' हा ठेवा. मायकेलसन व्यतिकरणमापक (प्रकाशाचा किरण दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणणारं मोजमापाचं उपकरण) तुमच्या प्रयोगशाळेत असेलच. लायगो हे त्याचंच थोरलं रूप आहे. मुलांना आधी तो टेबलावर स्वतः बांधू द्या, तयार पेटीतला देऊ नका. कंपन-विरोधी टेबल, दोन-तीन चांगले लेसर, फोटोडायोड, उच्च निर्वात करणारा एक टर्बोमॉलिक्युलर पंप, एवढ्यावर पहिली तीन वर्षं काढता येतील. त्यात तीन शिक्षक असले तरी पुरे. उरलेल्यांनी आपापलं चालू काम सोडायचं नाही.

मोठी यंत्रं विकत घेण्याऐवजी इतरांची वापरायला शिका. यूजीसीने आंतरविद्यापीठीय केंद्रं त्यासाठीच काढली. आयुका विद्यापीठांतल्या शिक्षकांना तीन-तीन वर्षांसाठी अभ्यागत सहयोगी म्हणून घेते, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च देते. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची, तिच्यावर निरीक्षणाचा वेळ प्रस्ताव पाहून मिळतो. तिची जुनी निरीक्षणं ठराविक मुदतीनंतर सगळ्यांना खुली होतात, त्यावर संगणक आणि इंटरनेट असलेल्या कुठल्याही गावात प्रबंध होऊ शकतो. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनचे (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र किरण देणाऱ्या यंत्राचे) किरण यूजीसी आणि अणुऊर्जा विभागाच्या (डीएई) संयुक्त केंद्रामार्फत विद्यापीठातल्या मुलांना मिळतात. दरवर्षी किमान दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक यांपैकी कुठेतरी गेलेच पाहिजेत, असं आराखड्यात आकड्यासकट लिहा. प्रवासाची तरतूदही तिथेच लिहा, नाहीतर वित्त विभाग नंतर विचारतो की हे मंजूर कधी झालं.

यंत्रांच्या देखभालीवर मला थोडं रागाने लिहायचंय, कारण इथे मी विद्यार्थ्यांची वर्षं वाया जाताना पाहिली. आमच्याकडे क्ष-किरण विवर्तनाचं, म्हणजे नमुन्याची स्फटिकरचना पाहण्याचं यंत्र आलं. अनुदानातून आलं, उद्घाटन झालं, तीन वर्षांची हमी संपली. मग क्ष-किरण नळी गेली. नळीसाठी पैसे कोणत्या शीर्षकाखाली टाकायचे यावर पत्रव्यवहार चालला, आणि १४ महिने ते यंत्र बंद राहिलं. त्या काळात सहा मुलं आपले नमुने बॅगेत घालून दुसऱ्या शहरांत फिरत होती, कुणाच्या तरी ओळखीने एकेक आलेख काढून आणत होती. एका मुलीची शिष्यवृत्तीची मुदत त्यात संपली. तिने प्रबंध पुरा केला, पण शेवटचं वर्ष शिकवण्या घेऊन काढलं.

तेव्हापासून माझा नियम असा: यंत्राच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीसाठी ठेवता येत नसतील, तर ते यंत्र मागायचंच नाही. प्रस्तावातच पाच वर्षांचा देखभाल करार किमतीत धरा. बाहेरच्या महाविद्यालयांना आणि उद्योगांना दर लावून मोजमाप करून द्या, आणि ती रक्कम विभागाच्या वेगळ्या खात्यात राहील असा ठराव व्यवस्थापन परिषदेकडून आधीच करून घ्या. ती विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत गेली की परत येत नाही.

आणि कार्यशाळा. तुमच्या विभागात लेथ असेल, त्याच्यावर कापड घातलेलं असेल. काच फुंकणारा माणूस आमच्याकडे होता. निर्वात नळ्यांचे जोड, थंड सापळे, तो सकाळी सांगितलं की संध्याकाळी करून द्यायचा. तो निवृत्त झाल्यावर ते पद निरुपयोगी समजून रद्द केलं गेलं. त्यानंतर एका काचेच्या जोडासाठी आम्ही तीन-तीन आठवडे थांबायचो. मी आराखडा लिहिला तेव्हा पहिली मागणी एका तंत्रज्ञाची केली होती, प्राध्यापकाची नाही, आणि आजही तीच करेन. प्रायोगिक विभागाची ताकद कार्यशाळेत कळते.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आलं. ती मुलं २०२७ मध्ये तिसरं वर्ष पूर्ण करतील. ज्यांच्या महाविद्यालयात चौथं वर्ष आहे ती तिथेच थांबतील, आणि मग एक वर्षाच्या एम.एस्सी.साठी कुठे जायचं ते ठरवतील. आजवर तिसऱ्या वर्षानंतर आपोआप विभागात येणारी मुलं तशी येणार नाहीत. तुमचं एक वर्षाचं एम.एस्सी. पूर्ण संशोधनाचं असेल, प्रकाशकीच्या खऱ्या कामाचं असेल, तर ती येतील. त्यासाठी अभ्यास मंडळाकडे प्रस्ताव याच वर्षी जायला हवा. चौथ्या वर्षाच्या मुलांना उन्हाळ्यात सहा आठवडे विभागात काम द्या. महाविद्यालयांचे प्राध्यापक हे तुमचेच जुने विद्यार्थी असतात, फोन केलात तर चांगली मुलं पाठवतात.

एआयसाठी वेगळं विशेषीकरण नको. प्रत्येक मुलाला पायथॉन, लिनक्स आणि अंकीय पद्धती पहिल्याच सत्रात हाताने करू द्या, प्रयोगाच्या आलेखांवरच.

एक शेवटची बाब, जी तुम्ही विचारली नाही. हा आराखडा एकट्याने लिहू नका. अमेरिकेत नव्वदच्या दशकात भौतिकशास्त्र घेणारी मुलं घटली, तेव्हा एका राष्ट्रीय कृती गटाने चांगले चालणारे २१ विभाग प्रत्यक्ष जाऊन पाहिले. २००३ च्या त्यांच्या अहवालात दिसतं की त्या विभागांचे अभ्यासक्रम एकमेकांपेक्षा फार वेगळे नव्हते, पण विद्यार्थी ही आपली जबाबदारी आहे असं तिथला सगळा विभाग मानत होता. तुमच्याकडे पाचच जण आहेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनाही बैठकीला बोलवा, निम्मं शिकवणं तेच करतात, आणि मुलांना काय कळत नाही हे त्यांना नेमकं माहीत असतं. प्रयोगशाळा सहायकांनाही बोलवा.

पानांचं विचारलंत: आमचा दुसरा आराखडा ११ पानांचा होता, त्यातली ४ पानं तक्ते. पहिल्या पानावर निवृत्तीच्या तारखा, दुसऱ्यावर चालू आणि बंद यंत्रांची यादी, डेडस्टॉक रजिस्टरशी (विभागातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीशी) ताडून. ही दोन पानं या आठवड्यात करा. बाकीची नऊ त्यांच्यावरूनच लिहिली जातात.