राहणीमानाला हात न लावता बचत कशी वाढवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पगार बरा आहे, फिरणं, छंद, मित्रांबरोबर बाहेर जेवणं यातलं काही सोडायचं नाही, पण पंचवीस तारखेच्या पुढे खात्यात काही दिसत नाही. पुढच्या महिन्यात पगारवाढ आहे, निदान तेव्हापासून तरी शिल्लक पडावी. याच अवस्थेत मी पाच-सहा वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती सांगतो. एका वर्षी जोशात येऊन मी सगळीकडे हात आखडता घेतला. वही आणली, रोजचा खर्च लिहायला लागलो, पोहण्याच्या तलावाचं सदस्यत्व बंद केलं, पुस्तकं घेणं थांबवलं. सहा महिने मन मारून काढले. सातव्या महिन्यात "इतकं वाचवलंय, एवढी तर हौस करू" म्हणत एक महागडा कॅमेरा घेतला. सहा महिन्यांची शिल्लक एका दुपारी गेली. कॅमेरा आजही कपाटात आहे, आणि फोटो मी फोनवरच काढतो.

त्यामुळे "काटकसर करा" हा सल्ला मी कुणाला देत नाही. माझा अनुभव असा की आपण ज्याला राहणीमान म्हणतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: जे आपल्याला खरंच हवं असतं ते, आणि जे नुसतं चालू राहिलेलं असतं ते. पहिल्याला हात लावायचा नाही. दुसरं शोधायचं.

मी एका रविवारी तीन महिन्यांचं खात्याचं विवरण छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. प्रत्येक ओळीपुढे एकच खूण. जो खर्च आठवतोय आणि पुन्हा करावासा वाटतो त्याला बरोबर, ज्याचा पश्चात्ताप होतो त्याला फुली, आणि हा खर्च कसला तेच आठवत नाही त्याला प्रश्नचिन्ह. मला वाटलं होतं फुल्या जास्त निघतील. निघाली प्रश्नचिन्हं! व्यायामाचं एक अ‍ॅप, जे मी वर्षभर उघडलंही नव्हतं. फोटो साठवायची ऑनलाइन जागा, जिचे पैसे मी वेगळे आणि बायको वेगळे भरत होतो, त्याच फोटोंसाठी. आणि कळस म्हणजे एका फोनचा विमा. तो फोन मी भाच्याला देऊन टाकला होता, पण त्याच्या विम्याचे पैसे दरमहा इमानाने माझ्या खात्यातून कापले जात होते. हे सगळं बंद केल्यावर घरात कुणाला काही जाणवलंसुद्धा नाही. (ते अ‍ॅप बंद करायला पाच वेळा "नक्की का?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं. सुरू करताना एकदाही विचारलं नव्हतं.)

अर्थात प्रश्नचिन्हांतून फार मोठी रक्कम निघत नाही. माझ्या पगाराच्या ३-४ टक्के निघाली असेल. खरी रक्कम येते ती पगारवाढीतून, आणि तुमची वाढ तोंडावर आहे म्हणून यावर जास्त लिहितो.

रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात एक प्रयोग सुरू केला. कामगारांना आधी सांगितलं, निवृत्तीसाठीची बचत आत्ताच वाढवा. बहुतेकांनी नकार दिला, कारण हातात येणारा पगार कमी होणार होता. मग त्या नकार देणाऱ्यांपुढे दुसरा प्रस्ताव ठेवला: आज काहीच कापायचं नाही, फक्त दर पगारवाढीला बचतीचा वाटा ३ टक्क्यांनी वाढेल, आणि नको वाटलं तर केव्हाही बाहेर पडता येईल. ७८ टक्के लोक तयार झाले. ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. गंमत म्हणजे ज्यांनी पहिला सल्ला लगेच मानला होता ते ९ टक्क्यांच्या आसपास चढून तिथेच थांबले. एकदाच निर्णय घेणारे मागे पडले आणि टाळाटाळ करणारे पुढे गेले, कारण त्यांची वाढ आपोआप होत होती आणि हातातला पगार कधी कमी झालाच नाही.

आपण हे घरच्या घरी करू शकतो. समजा पगार १०० आहे, खर्च ९५, बचत ५. पगार दरवर्षी ८ टक्के वाढतो आणि प्रत्येक वाढीतली अर्धी रक्कम तुम्ही बचतीकडे वळवता. पाच वाढींनंतर पगार १४७ च्या घरात, खर्च ११८ च्या पुढे, बचत २८ च्या पुढे. म्हणजे बचतीचं प्रमाण ५ वरून १९ टक्क्यांवर. महागाई ४ टक्के धरली तर आजच्या ९५ च्या खर्चाला तेव्हा साधारण ११६ लागतील, म्हणजे राहणीमान तसूभरही खाली आलेलं नाही. महागाई ६ टक्के असेल तर मात्र १२७ लागतील आणि हे गणित बिघडेल. अशा वेळी वाढीचा अर्धा नाही, पाव हिस्सा बाजूला काढा. तरी पाच वर्षांत ११ टक्क्यांवर पोचता. "अर्धा की पाव" हे महागाई बघून ठरवायचं, उत्साह बघून नाही.

ही टक्केवारी कोरडी वाटत असेल तर मी ती महिन्यांत मोजतो. बचत १० टक्के असेल तर एका महिन्याचा खर्च साठवायला ९ महिने लागतात. २० टक्के असेल तर ४, आणि २५ टक्के असेल तर ३. नोकरी गेली तर तीन महिने निभतील एवढी गंगाजळी १० टक्क्यांवर सव्वादोन वर्षांत होते, २० टक्क्यांवर एका वर्षात. हे कळल्यावर मला बचतीची पहिल्यांदा गोडी लागली, खरं सांगतो.

पैसे वळवायचे कसे? पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. त्या खात्याचं कार्ड घेऊ नका आणि ते फोनवरून पैसे देण्याच्या अ‍ॅपला जोडू नका. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू, असं म्हणत मी चार वर्षं घालवली आणि कधी उरलं नाही.

वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी, म्हणजे विमा, गाडीची दुरुस्ती, मोठी सहल, अशांची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढे दरमहा तिसऱ्या खात्यात टाका. नाहीतर हेच खर्च "अचानक" येऊन बचत खातात. त्यांत अचानक काहीच नसतं.

एखादं कर्ज फिटत आलं असेल तर माझ्या मते ती सगळ्यात सोपी संधी. माझ्या गाडीचा शेवटचा हप्ता गेला, त्याच्या पुढच्या महिन्यापासून तेवढ्याच रकमेचा हप्ता मी स्वतःला भरायला लागलो, त्याच तारखेला. त्या पैशांशिवाय जगायची सवय तीन वर्षं झालेलीच होती. माझ्या आजच्या शिल्लकीचा निम्म्याहून जास्त भाग या एका हप्त्याचा आहे. ती गाडी अजून चालते. नवी घेतली असती तर नवा हप्ता सुरू झाला असता आणि हे उत्तर लिहायला मी बसलो नसतो.

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगतो. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती संपवा. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते चढत जाऊन वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. बाजूला ठेवलेल्या पैशांवर इतका परतावा बिनधोक कुठेच मिळत नाही. आणि दुसरं, पगारातला निम्म्याहून जास्त भाग घरभाड्यात आणि हप्त्यांत जात असेल तर वरच्या युक्त्या तोकड्या पडतील. तिथे घर किंवा गाडी यांचाच फेरविचार करावा लागतो, आणि ते राहणीमानाला हात न लावता जमत नाही. कुणी जमतं म्हणालं तर त्याला आकडे विचारा.

तुमची वाढ पुढच्या महिन्यात आहे ना? मग पत्र हातात पडेल त्याच दिवशी बँकेला दिलेल्या सूचनेतली रक्कम बदला, नवा पगार जमा व्हायची वाट बघू नका. एका वर्षी मी म्हटलं, आधी एक महिना बघू किती येतात, मग ठरवू. त्या वर्षीची वाढ कुठे गेली ते मला अजून सापडलेलं नाही, विवरण छापूनसुद्धा.