टाकाऊ रेझिन बोर्डात वापरण्यापूर्वी

टाकाऊ रेझिन (कृत्रिम गोंद) पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीत, चिकटवण्यासाठी वापरायचे ठरवले असेल, तर ते कडक झालेले आहे की अद्याप द्रव आहे, हे सर्वप्रथम पाहा. युरिया किंवा फिनॉल फॉर्मल्डिहाइड रेझिन एकदा पक्के झाले की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. त्याची बारीक पूड गोंदात फिलर (भर घालणारी पूड) म्हणून चालते, पण ती बोर्ड जोडून धरेल अशी अपेक्षा ठेवू नये. खरा उपयोग आहे तो मुदत सरत आलेल्या किंवा टाक्या धुताना निघालेल्या कच्च्या रेझिनचा.

ते ताज्या रेझिनमध्ये मिसळण्यापूर्वी प्रत्येक पिंपाचा सामू (आम्ल-अल्कलीचे माप), घनांश (पाणी उडाल्यावर उरणारा भाग) आणि जेल टाइम (घट्ट होण्यास लागणारा वेळ) तपासा. जेल टाइमसाठी परीक्षानळीत थोडे रेझिन व हार्डनर (रेझिन पक्के करणारे द्रव्य) घालून ती उकळत्या पाण्यात धरा आणि काचेच्या कांडीने ढवळत राहा. कांडी अडकली की घड्याळ थांबवा. युरियाचे रेझिन आम्लात पक्के होते आणि फिनॉलचे बहुधा अल्कलीत, त्यामुळे दोन्हींचे अवशेष एकाच पिंपात ओतणे म्हणजे दोन्ही वाया घालवणे होय. मी सुरुवातीला हेच केले होते; प्रेसमधून निघालेल्या बोर्डाची कड बोटांनी कुस्करता येत होती.

धुण्याच्या पाण्याबाबत विशेष सावध राहा, कारण जास्तीच्या ओलाव्याची वाफ आत कोंडते आणि प्रेस उघडताच बोर्ड फुगून जाडीतून दुभंगतो. ताज्या रेझिनमध्ये टाकाऊ रेझिनचे मिश्रण ५ टक्क्यांपासून सुरू करा, ५० मिलिमीटर चौरस तुकड्यांची अंतर्गत बंधशक्ती (जाडीच्या दिशेने ओढल्यावर तुकडा किती ताण सोसतो ते) पाहा, आणि फॉर्मल्डिहाइडचे उत्सर्जन मोजल्याशिवाय तो बोर्ड घरातील फर्निचरसाठी देऊ नका.