भेंडवळची घटमांडणी अन् कॅलिफोर्नियाचे भविष्यवाले

प्रश्न: रामराम. मी संग्रामपूर तालुक्यातला कास्तकार. पुतणी पुण्याले शिकते, दिवाळीत आली त सांगे का अमेरिकेत एक संस्था आहे, नफ्यासाठी चालत नाही, पण पन्नास-साठ वर्षांपासून निस्तं भविष्यावर काम करते, अन् तिले त्यायचा ऑनलाइन कोर्स करायचा आहे. घरचे सगळे हासले. आमच्या बाजूलेच पाऊस-पिकाचं भाकीत सांगणारी भेंडवळची घटमांडणी असते, मंग त्याच्यासाठी अमेरिका काहून पाहिजे? असे लोक कापसाचा भाव सांगू शकतात का? – एक वाचक, जि. बुलडाणा

उत्तर: भाऊ, पोरीवर हासू नका, संस्था खरी आहे. नाव इन्स्टिट्यूट फॉर द फ्युचर. १९६८ साली कनेक्टिकट राज्यातल्या मिडलटाउनला सुरू झाली, मग कॅलिफोर्नियात गेली, आता पालो अल्टोला आहे. सुरू करणारे लोक रँड नावाच्या संस्थेतले, जी आधी अमेरिकी हवाई दलासाठी अभ्यास करायची. त्यातलाच एक पॉल बॅरन, त्यानं संदेशाचे तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवायची कल्पना मांडली होती, तुमच्या मोबाइलवरचं इंटरनेट आज त्याच तत्त्वावर चालतं. म्हणजे पारावर बसून तंबाखू मळणारी मंडळी नव्हती ती. पैसा कंपन्या, सरकारी खाती अन् फाउंडेशनं देतात, फक्त नफा वाटून घ्यायला वर कोणी मालक नाही.

कापसाचा भाव ते सांगत नाहीत. त्यासाठी तुम्हाला वायदे बाजारवाला धरावा लागेल, अन् त्याचंही काय खरं असतं ते आपण भोगलंच आहे.

आता भेंडवळ. अक्षय तृतीयेच्या सांजेला शेतात गोल आखून १८ धान्यं मांडतात, मधे खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी, विडा. रात्रभर तिथं कोणी थांबत नाही, सकाळी उजाडताच जाऊन पाहतात, कोणतं ढेकूळ भिजलं, कोणतं धान्य हललं, विडा जागेवर आहे का, अन् त्यावरून पाऊस, पीक, राजा सगळं सांगतात. मी दोनदा गेलेलो आहे, पहाटेची ती गर्दी पाहण्यासारखी असते, खोटं काहून बोलू. पण ढेकूळ भिजण्याचा अन् ऑगस्टातल्या पावसाचा काही संबंध नाही, हे माझं स्पष्ट मत, कोणाला राग आला तरी चालेल.

गंमत अशी का या अमेरिकी लोकांची सगळ्यात गाजलेली पद्धत आहे तिचं नाव डेल्फी, अन् डेल्फी म्हणजे ग्रीस देशातलं जुनं देऊळ, जिथं लोक भविष्य विचारायला जायचे. म्हणजे त्यांचं भेंडवळच! पण पद्धत येगळी आहे. १९५० च्या दशकात रँडमधे ओलाफ हेल्मर अन् नॉर्मन डाल्की यांनी ती काढली, त्यातला हेल्मर पुढं या संस्थेच्या संस्थापकांत होता. जाणकारांना एका खोलीत बसवायचं नाही, प्रत्येकाला येगळं विचारायचं, उत्तरं गोळा करायची, नाव न सांगता सगळ्यांची उत्तरं अन् कारणं सगळ्यांना दाखवायची, मग पुन्हा विचारायचं.

नाव काहून लपवायचं, ते मला आमच्या गावात समजलं. मागच्या उन्हाळ्यात पारावर नऊ जण होतो, मी विचारलं, आपल्या गावातला अर्धा कापूस मशीननं कोणत्या साली वेचला जाईल? एक मोठे कास्तकार बोलले, "पाच वर्षात," अन् बाकी आठ मुंड्या हलल्या. दुसऱ्या दिवशी कृषी केंद्राच्या जुन्या कॅलेंडरची पानं फाडून नऊ चिठ्ठ्या केल्या अन् घरोघरी देऊन आलो, त बाप्पा, कोणी २०३० लिहिलं, कोणी २०५०, दोघांनी "कधीच नाही." कारणं वाचली तेव्हा मजा आली. एकानं लिहिलं, वेचाई किलोला दहा-बारा रुपये अन् बाया मिळून नाही राहिल्या, मशीन येणारच. दुसऱ्यानं लिहिलं, मशीनला बुटकी पऱ्हाटी लागते, दाट लागवड लागते, सगळी बोंडं एकाच टायमाला फुटली पाहिजेत, पानं औषधानं गाळावी लागतात, अन् आपण त तीन-तीन, चार-चार वेचे करतो. ही कारणं फिरवून पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या त मोठ्या कास्तकारांनीच (चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण अक्षर ओळखू येते) पाच वर्षांचे पंधरा केले. पारावर सगळ्यांसमोर केले असते का त्यांनी?

साल बरोबर निघालं का चुकलं ते पुढं दिसेल, पण प्रश्न मशीनचा नसून वाणाचा आहे हे आम्हाला त्या चिठ्ठ्यांमुळे समजलं, अन् अशा संस्थेचं मुख्य काम हेच. त्यांनी २००८ साली ऑनलाइन एक खेळ घेतला होता, सुपरस्ट्रक्ट नावाचा. हजारो लोकांना सांगितलं का समजा २०१९ साल आहे, श्वासाच्या रोगाची साथ पसरली आहे, अन्नाची ओढाताण आहे, तुम्ही काय कराल ते लिहा. साथ येणारच असं भाकीत नव्हतं ते, आली तर कोण काय करेल त्याची तालीम होती. पुढं २०२० मधे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

पण एक गोष्ट मला खटकते. "असंही होऊ शकते, तसंही होऊ शकते" म्हणणारा कधी चुकतच नाही, आमच्या बसस्टँडवरचा पोपटवालाही असंच बोलतो. फिलिप टेटलॉक नावाच्या प्राध्यापकानं २८४ तज्ज्ञांची भाकितं वर्षानुवर्षं लिहून ठेवली अन् मग ताळा केला, त बरेचसे अंदाज डोळे मिटून चिठ्ठी उचलल्यापेक्षा फार बरे नव्हते, अन् टीव्हीवर गाजणारे त अजूनच कच्चे निघाले. म्हणून पुतणीला सांगा, कोर्स कर, पण जे भाकीत करशील ते तारीख टाकून वहीत लिही. आपल्यात हवामान खात्याचंच बघा, २०२४ ला एप्रिलमधे त्यांनी देशभर सरासरीच्या १०६ टक्के पाऊस सांगितला, निघाला १०८ टक्के, म्हणजे त्यांचा ताळा करता तरी येतो. तुमच्या वावरात जुलैत वीस दिवसांचा खंड पडेल का, ते त्या आकड्यात नसते, हे येगळं.

कोर्स कोर्सेरा नावाच्या ऑनलाइन शिकवणीच्या साइटवर आहे, इंग्रजीत आहे, घरबसल्या होतो. यावरच पोट भरेल का, त मी म्हणेन आधी तिनं शेती, पाणी, आरोग्य असा एखादा विषय पक्का धरावा अन् हे त्याच्या जोडीला शिकावं. निस्तं भविष्य शिकलेल्या पोरीला आपल्याकडं नोकरी कोण देणार, हे मला दिसत नाही.

तुमच्या पत्रातला विहिरीच्या सातबारा नोंदीचा दुसरा प्रश्न पुढच्या अंकात घेतो, तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल तेवढी काढून ठेवा.