कर्तव्यावर शहीद आणि जखमी झालेल्या पोलिसांचा सन्मान आमच्या मंडळाने कसा करावा?

पुण्यातलं तुमचं गणेश मंडळ यंदा शहीद आणि जखमी पोलिसांचा सन्मान करायचं म्हणतंय, तो नेमका कसा करावा, असं तुम्ही विचारलंय. मी शिवाजीनगरच्या पोलीस लाईनीत वाढले, बाबा हवालदार होते. माझं मनापासूनचं सांगणं एवढंच की, जखमींना आधी बोलवा.

शहिदांसाठी निदान एक दिवस ठरलेला आहे. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी हा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. आपल्याकडे पाषाणच्या पोलीस संशोधन केंद्रात स्मृतिस्तंभापुढे मानवंदना होते. आदल्या १ सप्टेंबरपासून ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कामी आलेल्यांची नावं वाचतात, बंदुकीच्या फैरी झडतात. ती नावं ऐकताना पोटात कालवतं.

जखमींचं नाव मात्र त्या यादीत नसतं. २६/११ चंच बघा ना. नुसत्या लाठीनिशी कसाबला धरून ठेवणारे, साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे आपल्याला माहीत आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण करकरे, कामटे, साळसकर ज्या गाडीत पडले, त्याच गाडीच्या मागच्या भागात गोळ्या लागलेले अरुण जाधव जिवंत होते. अतिरेकी गाडी सोडून गेल्यावर त्यांनी त्या अवस्थेत वायरलेसवरून खबर दिली, पुढे कोर्टात साक्षही दिली. त्यांचं नाव किती जणांना आठवतं?

बाबांना रात्रीच्या नाकाबंदीत भरधाव मोटारसायकलने उडवलं. मांडीत रॉड बसला, पुढची सगळी नोकरी टेबलावर गेली. एका मंडळाने त्यांचा सत्कार केला. हेतू चांगलाच होता. पण स्टेजला कठडा नाही, पायऱ्या म्हणजे एकावर एक रचलेल्या फळ्या. पाहुण्यांची भाषणं संपेपर्यंत सत्कारमूर्ती उभेच. मग एका हातात नारळ, दुसऱ्या हातात फ्रेम, खांद्यावरून घसरणारी शाल, आणि काठी कुणीतरी बाजूला नेऊन ठेवलेली. फोटोग्राफर म्हणत होता, "काका, जरा इकडे बघा." भाऊ वर गेला, त्याच्या खांद्यावर भार टाकून बाबा उतरले. घरी आल्यावर पाय सुजलेला.

म्हणून स्टेज नकोच. खाली पहिल्या रांगेत खुर्च्या मांडा, पाहुण्यांनीच उठून त्यांच्यापाशी यावं. नावं तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून मिळतील, पण घरच्यांना आधी जाऊन विचारा. नको म्हणाले तर आग्रह धरू नका. शहिदाच्या पत्नीला माईकवर "त्या दिवशी काय झालं" हे तर कधीच विचारू नका. आणि शहीद हा शब्द ज्यांच्या नावामागे लागत नाही त्यांनाही धरा. बंदोबस्तात हार्ट अटॅकने गेलेले आहेत, कोरोनात रस्त्यावर उभे राहून गेलेले आहेत. कोरोनात कर्तव्यावर गेलेल्यांच्या वारसांना सरकारने ५० लाखांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं होतं, पण कुठल्याही मदतीसाठी कागद जमवायचे ते घरच्या बाईनेच.

खरं काम इथेच आहे. मंडळात एखादा वकील, एखादा सीए असतोच. वारस दाखला, पेन्शनचे कागद, अनुकंपाचा अर्ज यांसाठी त्यांतला एक जण वर्षभर त्या घराबरोबर हेलपाटे घालेल, असं ठरवा. लाईनीतली खोली सोडायची वेळ आली तर भाड्याचं घर शोधून द्या. पैसे द्यायचे असतील तर वर्गणीतून थेट खात्यात भरा, पुठ्ठ्याचा मोठा चेक धरून फोटो नको. आणि तारीख ठरवताना विसर्जनाच्या आसपासचे दिवस टाळा, त्या दिवसांत लाईनीतली निम्मी घरं बंदोबस्तावर असतात.