स्वीडिश भाषेच्या निवासी शिबिरात मुलं दोन आठवडे करतात काय? आणि भाषा खरंच येते का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सप्टेंबरात शिकागोहून स्वीडनमधल्या गोथेनबर्गला बदली होतेय. मुलगी तेरा वर्षांची, शाकाहारी, स्वभावाने जरा अबोल. त्याआधी तिला मिनेसोटातल्या स्वीडिश शिबिराला दोन आठवडे पाठवावं का? तिथे दिवस कसा जातो, फोन नसतो म्हणतात ते खरं का, आणि पैसे वसूल होण्याइतकी भाषा येते का?

पाठवा. मात्र दोन आठवड्यांत ती स्वीडिश बोलायला लागेल या हिशेबाने नको. स्वीडिश बोलायची भीती जाईल, एवढ्या हिशेबाने पाठवा. भाषा पुढे गोथेनबर्गच्या शाळेत येणारच आहे. ती किती लवकर येईल हे मुलगी पहिल्या महिन्यात तोंड उघडते की मिटून बसते यावर ठरतं. अबोल मुलांच्या बाबतीत मी हा फरक फार जवळून पाहिला आहे.

मी स्वीडनमध्ये उप्सालाला शिकायला होते तेव्हा स्वीडिश शिकले. पुढे मिनेसोटाला आले आणि उन्हाळ्यात ह्यॉलुंडेन या शिबिरात मुलांबरोबर राहणारी ताई म्हणून काम केलं. ह्यॉलुंडेन हे कॉन्कॉर्डिया लँग्वेज व्हिलेजेसचं स्वीडिश गाव. मिनेसोटातल्या मूरहेडच्या कॉन्कॉर्डिया कॉलेजने १९६१ मध्ये जर्मनपासून ही शिबिरं सुरू केली. आज त्यात फ्रेंच, स्पॅनिश, जपानीपासून नॉर्वेजियन आणि फिनिशपर्यंत बऱ्याच भाषांची 'गावं' आहेत आणि त्यांचा मुख्य पसारा उत्तर मिनेसोटात बेमिजीच्या आसपास, तळी आणि पाइनच्या जंगलात आहे. स्वीडिश शिबिर अमेरिकेत असण्याचं कारण सोपं आहे. १९व्या शतकाच्या मध्यापासून १९३० पर्यंत दहा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं अमेरिकेत आली आणि त्यातली पुष्कळशी मिनेसोटात शेती करायला थांबली. त्यांची पणतवंडं या शिबिराला येतात. पण हल्ली तेवढीच येत नाहीत. माइनक्राफ्ट हा खेळ स्टॉकहोममध्ये जन्मला म्हणून स्वीडिशच्या नादाला लागलेली मुलं मी पाहिली आहेत. तेव्हा सगळ्या सोनेरी केसांच्या मुलांत आपलीच एक वेगळी दिसेल, ही काळजी मनातून काढून टाका.

पहिल्या दिवशी गाडीतून उतरल्यावर लुटुपुटीचा देश सुरू होतो. पासपोर्टवर शिक्का बसतो, मग कस्टम्स. तिथे फोन, इंग्रजी पुस्तकं, खाऊ सगळं जमा होतं आणि जाताना परत मिळतं. खिशातल्या पैशांसाठी बँक असते, खाऊसाठी छोटं दुकान. मुलगी स्वतःसाठी एक स्वीडिश नाव निवडते आणि ते गळ्यात अडकवून दोन आठवडे त्याच नावाने वावरते. आपल्याकडच्या काही पालकांना हे खटकतं. पोरीचं चांगलं नाव असताना हे काय, असं मला एका आईने विचारलं होतं. तिचं वाटणं मला कळतं, आणि स्वतःचंच नाव ठेवायचं असेल तर कोणी अडवत नाही. पण माझं मत विचाराल तर तिला निवडू द्या. चुकीचं स्वीडिश 'लिनेया' बोलते, आपली मुलगी नाही, अशी एक सूट त्या नावात मिळते. अबोल मुलांना ती सूट फार उपयोगी पडते.

ताया-दादा तुमच्याशी स्वीडिशच बोलतात. मूल इंग्रजीत बोललं म्हणून कोणी रागवत नाही. त्याचंच वाक्य आम्ही स्वीडिशमध्ये परत म्हणतो, हातवारे करतो, गरज पडली तर काठीने मातीत चित्र काढतो. वर्ग असतात, पातळीप्रमाणे लहान गट असतात, पण खरी शिकवणी जेवणघरात चालते. म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

जेवण वाढण्याआधी दोघं-तिघं ताया-दादा पुढे येऊन छोटंसं नाटुकलं करतात. आज पानात काय आहे ते त्यात एकेक वस्तू उचलून, तिचं नाव चार वेळा घेऊन, मुलांकडून वदवून सांगितलेलं असतं. मग भांडी टेबलावर येतात आणि इथे नियम एकच. बटाटे टेबलाच्या त्या टोकाला आहेत आणि तुम्हाला हवे आहेत, तर मागा. 'कान याग फो पुताटिस, तक?' एवढं म्हटलं की भांडं सरकत येतं. पहिल्या रात्री बरीच मुलं समोर असलेलंच खातात. दुसऱ्या दिवशी दुपारी भूक लाजेवर मात करते. तिसऱ्या दिवशी तेच वाक्य बटाट्यांच्या जागी दूध, ब्रेड, लिंगनबेरीचा जॅम घालून पोरं सर्रास वापरत असतात. व्याकरणाचं नावही न काढता एक साचा पक्का झालेला असतो. जेवण संपल्यावर सगळ्यांनी मिळून 'तक फॉर मातेन' म्हणायचं, जेवणाबद्दल आभार. गोथेनबर्गला कोणाच्या घरी जेवायला गेलात तर हे वाक्य लागणारच आहे.

आता शाकाहाराचं. फॉर्मवर अगदी स्पष्ट लिहा, अंडं चालतं की नाही तेही लिहा. स्वीडिश मीटबॉलमध्ये बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस एकत्र असतं. गुरुवारचं पिवळ्या वाटाण्याचं सूपही पारंपरिक रीतीने डुकराचं मांस घालूनच करतात. वेगळं वाढलं जातं, पण मुलीलाच विचारता यायला हवं, म्हणून 'याग एर व्हेगेतारियान' हे वाक्य घरूनच घोकून घ्या. बाकी तिची उपासमार व्हायची नाही. गुरुवारच्या सुपामागून जॅम लावलेले पातळ पॅनकेक येतात, सकाळी ताकाच्या जातीतलं फीलम्योल्क असतं, कडक राय ब्रेड, चीज, काकडी असते. शेपूची पानं मात्र जिथे तिथे भेटतील. आणि वेलची! स्वीडिश गोड पावात वेलची घालतात, तीही भरपूर. दाणे भरड कुटलेले असतात, दाताखाली येतात, आणि वर साखरेचे पांढरे खडे. दुपारच्या फीकाला, म्हणजे कॉफी-सरबत आणि गोड पावाच्या सुट्टीला, भट्टीतून ट्रे निघाला की सगळ्या आवारात वास सुटतो. घरची आठवण येऊन रडवेली झालेली एक पुण्याची मुलगी तो वास आल्यावर सरळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि उखळ मागून वेलची कुटायला बसली. पुढचे सगळे दिवस ते काम तिचंच होतं.

खाऊचं दुकान रोज हवं तेव्हा उघडत नाही, यावरून मुलं कुरकुरतात. स्वीडनमध्ये गोळ्या-चॉकलेटं शनिवारी खायची पद्धत आहे, आणि तिच्यामागची गोष्ट मी मोठ्या मुलांना आवर्जून सांगायचे. १९४०च्या दशकात दक्षिण स्वीडनमधल्या विपेहोल्म रुग्णालयात मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून दात कसे किडतात याचा अभ्यास केला गेला. त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती. त्यातून साखर आणि दातांचं नातं सिद्ध झालं, आणि खायचंच तर आठवड्यातून एकदा खा, असा सल्ला पुढे आला. इतक्या गोड दिसणाऱ्या पद्धतीखाली एवढा अन्याय आहे हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं. देश शिकायचा तर हेही शिकायला हवं.

उरलेला दिवस भराभर सांगते. सकाळी गाणं, न्याहारी, केबिनची झाडलोट, मग गटातला वर्ग. दुपारी थोडी विश्रांती, तळ्यात पोहणं, कनू, हस्तकला. होकायंत्र आणि नकाशा घेऊन जंगलात ठिकाणं शोधत पळायचं ओरिएंटियरिंग, जे स्वीडनचंच देणं आहे. संध्याकाळी सगळ्यांचा मिळून कार्यक्रम, शेवटी शेकोटी आणि गाणी. सत्र जुलैत असलं तरी मिडसमर, म्हणजे जूनमधला उन्हाळ्याचा सण, साजरा होतो. खांबाला पानाफुलांनी मढवून उभा करायचा, डोक्यावर फुलांचे मुकुट, आणि खांबाभोवती फेर धरून बेडकासारख्या उड्या मारायच्या. आपल्या मुलांना फेर धरणं नवं नसतं. भोंडला किंवा गरबा केलेली मुलगी त्यात पटकन मिसळते.

गोटलंड बेटावरून आलेला कुब हा लाकडी ठोकळे पाडायचा खेळ मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. एक मुलगी आठवडाभर मान हलवून काम भागवत होती. एका दुपारी कुबमध्ये तिची पाळी दुसऱ्याने घेतली आणि ती एकदम ओरडली, 'नेय! डे वार मिन तूर!' नाही, माझी पाळी होती. क्रियापदाचा भूतकाळ, शब्दांचा क्रम, सगळं बिनचूक. तिला कोणी हे वाक्य शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून आत साठलेलं होतं. त्यानंतर ती थांबलीच नाही. भांडणातून भाषा बाहेर पडते हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, म्हणून खेळातल्या भांडणांत आम्ही घाईने मध्ये पडायचो नाही.

तिसरा-चौथा दिवस कठीण जातो, हे आधीच सांगून ठेवते. दिवसभर परक्या भाषेत कान ताणून डोकं दुखतं, रात्री आई आठवते, आणि फोन नाही. तुमच्याकडे पत्र आलं तर ते बहुधा याच दिवसांत लिहिलेलं असेल आणि त्यात 'मला घेऊन जा' असेल. ते तुमच्या हातात पडेपर्यंत ती तळ्यावर मजेत असते. तुम्ही मात्र ती निघायच्या आधीच दोन-तीन पत्रं टाका, म्हणजे पहिल्या दिवसांत तिच्या हाती काहीतरी येईल. पत्रात 'तुझ्याशिवाय घर सुनं' वगैरे लिहू नका. कुत्र्याने काय केलं, आजीने काय पाठवलं, असलं लिहा.

मराठी मुलीला एक फायदा आहे, तो तिला जरूर सांगा. स्वीडिशमध्ये 'र' च्या पाठीला न, त, द, ल आले की दोन्ही मिळून जीभ मागे वळते आणि आपले ण, ट, ड, ळ तयार होतात. मूल म्हणजे 'बाण', टेबल म्हणजे 'बूड', मोती म्हणजे 'पॅळा', उच्चार जवळपास असेच. अमेरिकन मुलं तिथे 'र' वेगळा काढून अडखळतात, आपल्या मुलांच्या तोंडून तो उच्चार पहिल्याच प्रयत्नात येतो. गोथेनबर्गलाही असंच बोलतात, अगदी दक्षिणेकडे मालमोच्या बाजूला तेवढं वेगळं आहे. अवघड जातो तो 'श' आणि 'ह' यांच्या मधला घोगरा आवाज, जो शिबिराच्या नावातच पहिला येतो. तो जमायला महिने लागतात, लागू द्या.

दोन आठवड्यांनी हातात काय असतं? स्वतःची ओळख, मागणं, नाही म्हणणं, वेळ, खाणं, हवामान, पुष्कळ गाणी, आणि समोरचा बोलतोय त्याचा रोख पकडायची सवय. पुस्तक वाचता येत नाही, शाळेतला इतिहासाचा तास समजत नाही. घरी आल्यावर उजळणी झाली नाही तर शब्द झपाट्याने विसरले जातात. सप्टेंबरपर्यंत तिला रोज थोडा वेळ स्वीडिश रेडिओवरच्या मुलांच्या गोष्टी ऐकू द्या, फुकट आहेत. चार आठवड्यांचं सत्र मिळालं आणि परवडलं तर ते जास्त चांगलं, कारण दुसऱ्या पंधरवड्यात मुलं घोकलेल्या साच्यांबाहेर पडून स्वतःची वाक्यं करायला लागतात.

सामानात डासांचं औषध पुरेसं द्या, मिनेसोटातले डास भयंकर असतात. लांब बाह्यांचा शर्ट, पावसाळी बूट, आणि रात्री थंडी पडते म्हणून स्वेटर द्या. गवतातून आल्यावर गोचिडी तपासायला शिकवून ठेवा. पोहता येत नसेल तर तेही फॉर्मवर लिहा.

जाता जाता गोथेनबर्गबद्दल एक, कारण बहुतेक मराठी पालकांना हे उशिरा कळतं. तिथल्या शाळेत नव्याने आलेल्या मुलांसाठी 'दुसरी भाषा म्हणून स्वीडिश' असा वेगळा विषय असतो. शिवाय घरात रोज वापरली जाणारी भाषा मुलाला काही प्रमाणात येत असेल, नगरपालिकेत त्या भाषेची किमान पाच मुलं असतील आणि शिक्षक मिळत असेल, तर शाळेमार्फत मातृभाषेचे तास मिळतात. ते मराठीलाही लागू आहे. शाळेत नाव घालतानाच त्याचा अर्ज मागा, आणि तुमच्या भागातल्या इतर मराठी घरांनाही तो भरायला सांगा, म्हणजे पाचाचा आकडा गाठता येईल. तुम्हा दोघांसाठी मोफत स्वीडिश वर्ग असतात, एसएफआय नावाचे. त्यासाठी व्यक्तिक्रमांक, म्हणजे स्वीडनमधला प्रत्येकाचा ओळख क्रमांक, हातात यावा लागतो, म्हणून पोहोचल्या पोहोचल्या आधी करखात्याच्या कार्यालयात नोंदणी उरकून घ्या.