नऊ मुली आणि दहा मिनिटांचा अंधार

वाचकांचे प्रश्न, दुभाषी ताईची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी 15 वर्षांची, दहावीत आहे. आधी ब्लॅकपिंक या कोरियन मुलींच्या ग्रुपचं वेड होतं. आता तिनं मागे जात जात 2007 सालचा ‘गर्ल्स जनरेशन’ नावाचा कोरियन मुलींचाच ग्रुप शोधून काढलाय आणि म्हणते, सगळं इथूनच सुरू झालं. हे म्हणतात, या मुली कारखान्यात तयार होतात, यात कला कसली? मुलगी म्हणते, यांच्या गाण्यानं सरकार पाडलं. दोघांचं रोज वाजतं. त्यात आता तिला कोरियन कंपनीची ऑनलाइन ऑडिशन द्यायची आहे. तुम्ही तिकडे राहून आलात, म्हणून विचारते. खरं काय आणि मी काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर : ताई, मी 2006 ते 2017 दक्षिण कोरियात, सोलमध्ये होते. आधी शिकायला, मग दुभाषी म्हणून. म्हणजे या मुलींचं वर येणं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तेव्हा सविस्तर लिहिते, आणि हे उत्तर लेकीलाही वाचायला द्या.

तुमचे यजमान कारखाना म्हणतात, त्यात तथ्य आहे. ग्रुपमधल्या जेसिका आणि ह्योयॉन या दोघी 2000 साली एसएम एंटरटेनमेंट या कंपनीत शिकाऊ म्हणून दाखल झाल्या. ग्रुप रंगमंचावर आला 5 ऑगस्ट 2007 ला. मधली सात वर्षं शाळा सुटली की तालीम, तालीम सुटली की झोप. तेयॉन जॉनजू गावची. गाणं शिकायला ती सोलला ये-जा करायची. सर्वात धाकटी सोह्यॉन तर मेट्रोच्या डब्यात कंपनीच्या माणसाच्या नजरेस पडली, तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती. पहिल्या गाण्याच्या व्हिडिओत नऊ जणी एकाच वेळी पाय उचलून लाथ मारतात ना, तो एका रेषेत उचललेला पाय काही एका महिन्याच्या शिबिरातून येत नाही. आपल्याकडे कुस्तीच्या तालमीत मुलाला सातव्या-आठव्या वर्षी घालतात, त्याला आपण कारखाना म्हणत नाही. पण तिथे वस्तादाची माया असते असं आपण धरून चालतो. इथे करार असतो. हा फरक मी लहान मानत नाही.

आता ती गोष्ट सांगते जी तुमच्या लेकीला कदाचित ठाऊक असेल, पण तुम्हा दोघांना नसेल. 7 जून 2008. सोलमधल्या जामसिलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये ‘ड्रीम कॉन्सर्ट’ होता. दरवर्षीचा मोठा कार्यक्रम, सगळे नावाजलेले ग्रुप एकामागून एक येतात. वर्गातल्या मैत्रिणीकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून मी गेले. कोरियात प्रत्येक ग्रुपच्या चाहत्यांचा रंग ठरलेला असतो. कुणाचा लाल, कुणाचा निळा, कुणाचा हिरवा. हातातल्या दिव्याच्या कांड्या हलतात आणि अख्खं स्टेडियम शेतासारखं डुलतं. या नऊ जणी मंचावर आल्या आणि ते दिवे विझायला लागले. आधी एक बाजू, मग समोरची. काही बिघाड झाला असंच मला वाटलं. मैत्रिणीनं माझा हात दाबला आणि म्हणाली, मुद्दाम करताहेत. मुलांच्या ग्रुपच्या चाहत्यांचा या नव्या मुलींवर राग होता. दहा मिनिटं टाळी नाही, ओरडा नाही, उजेड नाही. एका कोपऱ्यात तेवढा गुलाबी ठिपका हलत होता. ते त्यांचे स्वतःचे थोडे चाहते. सोह्यॉनला तेव्हा 17 वर्षंही पूर्ण व्हायची होती.

त्या नाचत राहिल्या. एकही पाऊल चुकलं नाही. शेवटी ओळीत उभ्या राहून त्यांनी त्या काळोखाला कमरेतून वाकून नमस्कार केला. मी आजही हे लिहिताना गप्प होते. ती शिस्त कारखान्याची होती, पण ते सोसणं त्या पोरींचं स्वतःचं होतं, ताई. ते कोणत्याही कंपनीला शिकवता येत नाही.

त्यानंतर कित्येक महिने ग्रुपचं नवं काहीच आलं नाही. लोक म्हणायला लागले, संपलं. मग जानेवारी 2009 मध्ये त्यांचं ‘जी’ हे गाणं आलं. मी सिनचोन भागात राहायची. खोली एवढीशी, की झोपलं की पाय टेबलाखाली जायचे. मेट्रोच्या तोंडाशी मोबाइलचं दुकान, त्याचे स्पीकर रस्त्याकडे तोंड करून ठेवलेले. उणे आठ-दहाची थंडी. शेजारी एक काका होत्तोक विकायचे. होत्तोक म्हणजे आत गूळसाखर आणि दालचिनी भरलेली तेलावरची जाड पोळी. कणकेचा गोळा तव्यावर टाकून मूठवाल्या गोल चकतीनं तो दाबायचा असतो. एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, काका गोळे त्या गाण्याच्या ठेक्यावर दाबताहेत. साठीचा माणूस. त्यांना नऊ जणींतल्या एकीचंही नाव सांगता आलं नसतं. ‘केबीएस’ या टीव्ही वाहिनीच्या ‘म्युझिक बँक’ कार्यक्रमात ते गाणं सलग 9 आठवडे पहिलं राहिलं. महिनाभरात रस्त्यावरच्या पोरींच्या अंगात लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाच्या घट्ट जीन्स आल्या, व्हिडिओत होत्या तशाच.

पुढचं भराभर झालं. त्याच उन्हाळ्यात ‘जिनी’. त्यातली पायाची हालचाल ‘जेगी’ या पायानं उडवायच्या खेळण्यासारखी होती, त्यामुळे पाचवी-सहावीची पोरं शाळेबाहेर तेच करायची. 2010 च्या ऑगस्टमध्ये टोकियोत, एका दिवसात तीन खेळ. 31 जानेवारी 2012 ला न्यूयॉर्कला डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात. पण माझं ऐकाल तर वर येणं म्हणजे तो होत्तोकचा तवा. टोकियो आणि न्यूयॉर्क त्यानंतरचं.

एक खुपलेलंही सांगते. 2009 मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांनी मुलींच्या मांड्यांसाठी ‘मधासारख्या मांड्या’ असा शब्दच चालवला होता. मी त्या शब्दाचं भाषांतर करायला एका कामात नकार दिला आणि ते काम गमावलं. त्याची मला खंत नाही. तुमची लेक आरशासमोर उभी राहून पोट मोजत असेल, जेवण टाळत असेल, तर त्याकडे गुणपत्रिकेपेक्षा आधी बघा.

आता सरकार पाडल्याचं. गाण्यानं सरकार पडत नाही, माणसांनी पडतं. पण लेक म्हणते त्यात खोटंही नाही. 2016 च्या जुलैच्या शेवटी इह्वा महिला विद्यापीठाच्या विद्यार्थिनींनी मुख्य इमारतीत ठाण मांडलं. त्यांना न विचारता नोकरदारांसाठीचं नवं पदवी महाविद्यालय काढायचं घाटत होतं, त्याला विरोध होता. 30 जुलैला हजारावर पोलीस आत शिरले. मुली एकमेकींच्या दंडात दंड अडकवून जिन्यांत, व्हरांड्यांत बसल्या आणि गायला लागल्या. कोणतं गाणं? क्रांतिगीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना पाठच नव्हतं. त्यांना सगळ्यांना शब्दन् शब्द पाठ होतं ते शाळेत असताना ऐकलेलं गर्ल्स जनरेशनचं पहिलं गाणं. कोरियनमध्ये त्याचं नाव ‘दाशी मान्नान सेग्ये’, म्हणजे ‘पुन्हा भेटलेलं जग’. लाडानं ‘दामान्से’.

माझं घर विद्यापीठाच्या फाटकापासून चालत 15 मिनिटांवर. माझ्या घरमालकीण आजी 70 च्या पुढच्या. तो व्हिडिओ मी त्यांना फोनवर दाखवला. आवाज थरथरत होता पोरींचा, सूर धड लागत नव्हता. आजींनी चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, हे कोणत्या चळवळीचं गाणं? मी म्हटलं, आजी, हे टीव्हीवरचं, नाचाचं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तरुणपणी आपण काय गायलो होतो हे त्या मग सांगत बसल्या, रात्री अकरापर्यंत.

3 ऑगस्टला विद्यापीठानं योजना मागे घेतली. मुली हटल्या नाहीत. त्या शरद ऋतूत बाहेर आलं, की राष्ट्राध्यक्षांच्या जिवलग मैत्रिणीच्या मुलीला याच विद्यापीठात नियम वाकवून प्रवेश मिळाला होता. कुलपतीबाईंना ऑक्टोबरमध्ये पद सोडावं लागलं, चौकाचौकांत मेणबत्त्या पेटल्या, 9 डिसेंबरला संसदेनं राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांच्यावर महाभियोग मंजूर केला आणि 10 मार्च 2017 ला न्यायालयानं त्यांना पदावरून काढलं.

आणि डिसेंबर 2024. तोवर मी पुण्याला परतले होते. 3 तारखेच्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन सॉक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला, काही तासांत संसदेनं तो हाणून पाडला. त्यानंतर योइदो भागात संसदेसमोर लाखो माणसं. मेणबत्त्यांच्या जागी या वेळी मुलींच्या हातात आपापल्या ग्रुपच्या दिव्यांच्या कांड्या. मी इथे स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर बघत होते. दामान्से सुरू झालं. सगळे रंग एकत्र, लाल, निळे, हिरवे, गुलाबी, आणि सगळे पेटलेले. मला जामसिलची ती रात्र आठवली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी हलता येईना. नऊ जणींपैकी यूरीनं तिथे जमलेल्या चाहत्यांसाठी आधीच पैसे भरून किंबापची, म्हणजे समुद्रशेवाळात गुंडाळलेल्या भाताची, सोय केली होती. 14 डिसेंबरला युन यांच्यावरचा महाभियोग बाजूनं 204 मतं पडून मंजूर झाला.

म्हणून तुमच्या यजमानांना माझ्याकडून एवढंच सांगा : गाणं कंपनीनं केलं, पण ते 17 वर्षं सांभाळलं ऐकणाऱ्या पोरींनी.

राहिली ऑडिशन. इथे मी कडक बोलणार आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका आईनं मला लेकीचा ‘करार’ भाषांतराला पाठवला. कुठल्याशा एजन्सीनं निवड झाली म्हणून दीड लाख रुपये मागितले होते, त्यातले 40 हजार त्यांनी भरले होते. करारावर लाल शिक्का, झोकदार कोरियन अक्षरं. मी कंपनीचा नोंदणी क्रमांक बघितला. कोरियात तो 10 आकडी असतो, तीन-दोन-पाच असा तोडून लिहितात. त्यात नऊच आकडे होते. पैसे परत आले नाहीत. खऱ्या कंपन्या ऑडिशनचे पैसे घेत नाहीत. एक रुपयाही मागितला, की तिथेच थांबा.

दुसरं, लेक अल्पवयीन आहे, तुमच्या सहीशिवाय काही होत नाही. सही करायचीच वेळ आली तर विचारा, शाळा कोणती, राहायचं कुठे, करार किती वर्षांचा. 2009 मध्ये एका मोठ्या मुलांच्या ग्रुपमधल्या तिघांनी 13 वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली, तेव्हापासून सरकारी नमुना करारात 7 वर्षांची मर्यादा आली. 2014 च्या कायद्यानुसार 15 वर्षांवरच्या अल्पवयीन कलाकारांना आठवड्याला 40 तासांची मर्यादा आहे आणि रात्री 10 नंतर काम नाही, अपवाद सोडून. सोह्यॉनच्या वेळी हे काहीच नव्हतं. आणि दहावीचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. ऑडिशन दरवर्षी असतात. व्हिडिओ पाठवू द्या, मे महिन्यात. मनाई केलीत तर ती तुमच्या नकळत पाठवेल, आणि नऊ आकड्यांवाले तिथेच टपलेले असतात.

प्रश्न : वंडर गर्ल्स हा दुसरा कोरियन मुलींचा ग्रुप गर्ल्स जनरेशनच्या आधीचा आणि अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतही आधी पोचला. मग नाव गर्ल्स जनरेशनचंच का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचं बरोबर आहे. वंडर गर्ल्सचं ‘टेल मी’ 2007 च्या शरद ऋतूत आलं, तेव्हा सारा देश ते नाचत होता आणि गर्ल्स जनरेशनकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ‘नोबडी’ ऑक्टोबर 2009 मध्ये बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत 76 व्या क्रमांकावर गेलं. तिथे पोचलेला हा पहिला कोरियन ग्रुप. पण त्यासाठी त्या अमेरिकेत जाऊन राहिल्या, दुसऱ्यांच्या दौऱ्यात मुख्य कलाकारांच्या आधी गाऊ लागल्या, आणि घरचं मैदान रिकामं राहिलं. ते ‘जी’नं आधीच वर आलेल्या गर्ल्स जनरेशननं भरलं. वंडर गर्ल्सवर अन्याय झाला असं मी मानते.

प्रश्न : मराठी माणसाला कोरियन जमेल का? फक्त गाणी कळण्यापुरती.
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : इंग्रजीवाल्यापेक्षा तुला लवकर जमेल. मूळ अक्षरं आज 24, राजा सेजोंगनं 1446 मध्ये जाहीर केलेल्या 28 पैकी. मन लावून बसलीस तर आठवड्यात वाचायला लागशील. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे, अगदी आपल्यासारखं. तू-तुम्ही-आपण आहेच. मुलगी मोठ्या मुलीला ‘ऑन्नी’ म्हणते, म्हणजे ताई. सोह्यॉन ग्रुपमधल्या ताईंशी कित्येक वर्षं अहो-जाहोच्याच भाषेत बोलायची आणि बाकीच्या तिला त्यावरून छळायच्या. ग्रुपचं कोरियन नाव ‘सोन्यो शिदे’ : सोन्यो म्हणजे मुलगी, शिदे म्हणजे काळ. पहिलं वाक्य आजच घे : ‘ना पाप मॉगॉ.’ ना म्हणजे मी, पाप म्हणजे भात, मॉगॉ म्हणजे खाते. शब्दांची जागासुद्धा बदलावी लागत नाही. आणि भाताला म्हणतात तोच शब्द जेवणालाही.