बाना (विसाराची रक्कम) देण्यापूर्वी इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी का?

सप्रेम नमस्कार.

वडोदऱ्यातील कारेलीबागेतल्या 22 वर्षे जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट आपण 58 लाखांना घेत आहात, 40 लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे, आणि बँकेचा व्हॅल्युअर (घराचे मूल्य ठरवणारा) येऊन गेलेला असताना स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळे 20,000 रुपये द्यावेत का, असे आपण विचारले आहे. द्यावेत, आणि बाना देण्यापूर्वीच द्यावेत.

आपल्याजवळ साडेपंचवीस लाख आहेत. त्यातून पदरचे 18 लाख, शिवाय 4.9 टक्के मुद्रांक शुल्क आणि 1 टक्का नोंदणी फी मिळून 3,42,200 रुपये गेले की हाती जेमतेम 4 लाख राहतात. (खरेदी केवळ पत्नीच्या नावे झाल्यास नोंदणीचे 58,000 वाचतील, बँकेला हे चालते का, ते आधी विचारावे.) एवढ्याच गंगाजळीवर पुढची दुरुस्ती आणि आजारपण दोन्ही निभवायचे आहे, म्हणून मला काळजी वाटते.

व्हॅल्युअर पाहतो ते बँकेचे कर्ज वसूल होईल का, एवढेच. सळईची अवस्था तपासणे त्याचे काम नव्हे. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीचे पाणी कारेलीबागेत शिरले होते, म्हणून आपण स्वतः पार्किंगमध्ये जाऊन पिलरवर गुडघ्याच्या उंचीला नाण्याने ठोकून पाहावे. बद्द, पोकळ आवाज आला किंवा सळईच्या रेषेत उभी चीर आणि तांबूस डाग दिसला, तर आत सळई गंजून फुगत असल्याची दाट शक्यता आहे. फक्त खालच्या तीन फुटांना ताजा रंग दिलेला असेल, तर अधिकच सावध राहावे. काँक्रीटसाठी रिबाउंड हॅमर आणि गंजासाठी हाफ-सेल चाचणी करावी, असे इंजिनिअरला स्पष्ट सांगावे.

बाथरूमची गळती घर घेतल्यावरही काढता येते. पिलर मात्र साऱ्या सोसायटीचे असतात. ते विकणाऱ्याला एकट्याने दुरुस्त करता येत नाहीत आणि उद्या आपल्यालाही येणार नाहीत, वर्गणी तेवढी भरावी लागेल. म्हणून सोसायटीच्या गेल्या काही सभांची इतिवृत्ते आणि दुरुस्ती निधीचा हिशेब मागावा, आणि अहवालात खर्च निघाल्यास आपल्या वाट्याची रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी.

विकणाऱ्याला घाई असेल आणि बाना आजच द्यावा लागणार असेल, तर अहवाल प्रतिकूल आल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, अशी अट बानाखतात (विसाराच्या करारात) लिहून घ्यावी. इंजिनिअरला पार्किंगमध्ये येऊ देण्यासच त्याचा नकार असेल, तर हे घर सोडून द्यावे.